पायाला ठाऊक होतं, तोंडाला येईना

२०१६ चा मे महिना. पुण्यातलं एक मैदान, सकाळचे साडेनऊ वाजलेले, आणि ऊन मानेवर बसायला लागलेलं. डी लायसन्सच्या, म्हणजे फुटबॉल प्रशिक्षकाच्या पहिल्या परवान्याच्या कोर्सचा तिसरा दिवस होता. आम्ही चोवीस जण. कुणी शाळेत पी.टी. शिकवणारे, कुणी जिल्ह्याला खेळलेले, दोघं-तिघं माझ्यासारखे गुडघा गमावून बसलेले. चार विरुद्ध चारचा खेळ चालू होता. समोरच्या हाफनं, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूनं, फॉरवर्डच्या पायात पास टाकला आणि मी फॉरवर्डच्या पाठीमागून निघून, त्याच्या पुढं जाऊन तो कापला. पंधरा हंगाम स्टॉपरला, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळलेल्या माणसाला यात नवं काही नव्हतं.

शिट्टी वाजली. "जागेवर थांबा," असं म्हणत प्रशिक्षक माझ्याजवळ आले. हिंदीत विचारलं, "तू आत्ताच का निघालास? एक सेकंद आधी का नाही? एक सेकंद नंतर का नाही?"

मी म्हणालो, "सर, समझ में आता है."

"तुम्हें आता है. दस साल के बच्चे को क्या बोलोगे?"

मी तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. तेवीस जण बघत होते. मला खरोखरच उत्तर माहीत नव्हतं. त्या रात्री खोलीवर दोनशे पानी वही काढली, डावीकडच्या पानावर लिहिलं, "कधी निघायचं?" आणि उजवं पान कोरं ठेवलं. ते पान किती वर्षं कोरं राहिलं, तेच आज सांगायला बसलोय.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं संघ म्हणजे पेठ आणि पेठ म्हणजे तालीम. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस ही नावं इथल्या पोराला बाराखडीच्या आधी पाठ होतात. ज्या तालमीत हौद्यात लाल माती उकरली जाते, त्याच तालमीच्या नावाचा संघ शाहू स्टेडियमवर उतरतो. माझ्या संघाचं नाव मात्र इथं घेणार नाही, कारण पुढं जे येणार आहे त्यात थोडं कडू आहे, आणि ज्या जर्सीनं मला नाव दिलं तिच्यावर डाग मला नको.

आम्हाला प्रशिक्षक नव्हता. पेठेतले एक मामा होते, ऐंशीच्या दशकात बॅकला, म्हणजे बचावात खेळलेले. संध्याकाळी स्वतःची सायकल मैदानाच्या कडेला लावायचे आणि तिथूनच ओरडायचे. त्यांनी मला जे दिलं ते शब्दांत नव्हतं. चुकलो की हाक यायची, बरोबर केलं की काहीच यायचं नाही, आणि त्या "काहीच नाही" साठी मी जीव टाकायचो. त्यांच्या काही गोष्टी जुन्याही झाल्या होत्या. अडचण आली की "कीपरला दे!" असं ते हक्कानं ओरडायचे, पण १९९२ पासून आपल्याच खेळाडूनं पायानं मुद्दाम दिलेला बॉल कीपरला हातात घेता येत नव्हता, आणि आमचा कीपर पायानं कच्चा. १९९८ मध्ये मी सीनियर संघात आलो. त्याच वर्षी मागून घुसून समोरच्याला धोका होईल अशा टॅकलला थेट लाल कार्ड द्यायचं, असं जगभरच्या पंचांना सांगण्यात आलं. मामांच्या शाळेत ती मर्दानगी होती. माझ्या चौथ्याच सामन्यात मी मागून घुसलो आणि लाल कार्ड घेऊन बाहेर आलो. गॅलरीत टाळ्या वाजत होत्या, आणि संघ उरलेला अर्धा तास दहा जणांवर झुंजत होता. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ज्यानं आपल्याला शिकवलं त्याचंही शिकणं मध्येच थांबलेलं असू शकतं. मामांवरचं प्रेम त्यानं कमी झालं नाही. आजही मैदानाच्या कडेला सायकल दिसली की माझी पाठ आपोआप ताठ होते.

दुसरी शाळा गोव्यात होती. हंगामात सवड मिळाली की आम्ही पाच-सहा जण गाडी करून आंबोलीमार्गे मडगावला जायचो, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर डेम्पो या गोव्याच्या क्लबचा सामना बघायला. आर्मांदो कुलासो यांचा डेम्पो तेव्हा देशात सगळ्यांत भारी होता; २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेता झाला. बाकीचे बॉल बघायचे. मी डेम्पोचे बॅक महेश गवळी आणि समीर नाईक यांच्याकडं बघत बसायचो. बॉल पलीकडच्या टोकाला असतानाही गवळी चालत असायचा, दोन पावलं इकडं, एक पाऊल तिकडं, मान सतत फिरती. बॉल आला की तो आधीच तिथं. परतीच्या वाटेवर घाटात सगळे गोलांबद्दल बोलायचे. मला सांगायचं असायचं ते त्या दोन पावलांबद्दल, पण सांगता यायचं नाही. पुढं हे दोघंही प्रशिक्षक झाले: गवळी भारतीय संघाचा सहाय्यक प्रशिक्षक, नाईक खुद्द डेम्पोचा. त्यांच्या आधीच्या पिढीतले डेरिक परेरा हेही गोव्याचे बचावपटू. त्यांच्या हाताखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. बॅकला खेळलेला माणूस प्रशिक्षक होतो याचं मला कधी नवल वाटलं नाही. अख्खा सामना त्याच्या तोंडासमोर चाललेला असतो. नवल वाटायचं ते एवढंच, की बघितलेलं दुसऱ्याला द्यायचं कसं, हे त्यांना कसं जमलं असेल.

माझं खेळणं २०१३ मध्ये संपलं. कुणाचा धक्का नाही, काही नाही. वळताना उजवा पाय गवतात रुतला, वरचं शरीर फिरलं, आणि गुडघ्यातून ओल्या फांदीसारखा आवाज आला. पहिल्यांदा जिथं दाखवलं तिथं सांगण्यात आलं, मुरगळलंय, शेका आणि तीन आठवड्यांनी खेळा. मी खेळलो. दुसऱ्यांदा गुडघा सरकला तेव्हा आतली गादीही फाटली. मग एमआरआय, मग मांडीच्या मागची शीर काढून गुडघ्यात नवं लिगामेंट बसवण्याचं ऑपरेशन, मग भिंतीला पाठ लावून महिनोन्महिने व्यायाम. माझी नोकरी शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीत, डिस्पॅचला. उभं राहण्याचंच काम. मालकांनी खुर्ची दिली, ते उपकार मी विसरणार नाही. पण वयाच्या तेहतिसाव्या वर्षी खुर्चीत बसून रविवारी दुपारी स्टेडियमकडून येणारा आवाज ऐकणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

डी लायसन्सचं नाव मला एका जुन्या प्रतिस्पर्ध्यानं सांगितलं, ज्याला मी आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा पाडलं होतं. "तू शिकव," म्हणाला, "न्हाईतर हे सगळं तुझ्यासंगं जाणार." शिडी तेव्हा अशी होती: सगळ्यांत खाली डी, मग सी, बी, ए आणि वर प्रो. फी भरायला घरातल्या भिशीचा नंबर आधी मागून घेतला. ही म्हणाली, "घ्या. घरात बसून तुमचं तोंड बघवत न्हाई." सहा दिवसांची रजा टाकली.

त्या सहा दिवसांनी माझी सवय मोडली. सकाळी मैदान, दुपारी वर्ग, रात्री सरावाचा आराखडा कागदावर. पंचवीस मिनिटांच्या सरावासाठी आधी काय काय लिहायचं: किती मुलं, किती मीटर लांब-रुंद जागा, बॉल कुठून सुरू होणार, मला नेमकं काय बघायचंय, आणि चुकलं तर कोणत्या शब्दांत सांगायचं. शेवटच्या कॉलमवर येऊन मी अडायचो. वर्गातले शब्द इंग्रजी होते: प्रेशर, डिले, कव्हर, बॅलन्स. अर्थ कळत होता. पण माझ्या पेठेतलं दहा वर्षांचं पोरगं पळता पळता "बॅलन्स" ऐकून काय करणार?

म्हणून वहीत मी आपले शब्द शोधायला लागलो. बॉलवर जाणारा पहिला: भिड. समोरचा अंगावर आला तर लगेच पाय घालायचा नाही, मागं सरकत सरकत त्याचा वेळ खायचा: खोळंबव. हा शब्द सापडला तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते, आणि मी एकटाच खोलीत मोठ्यानं तो दोनदा म्हटला. भिडणाऱ्याच्या मागं, थोडं तिरकं, तो चुकला तर आपण आहोत अशा बेतानं उभा राहणारा दुसरा: पाठीशी. नवरीबरोबर जाणारी पाठराखीण पोरांनी बघितलेली असते, त्यामुळं हा शब्द समजवावा लागत नाही. आणि बॉलपासून लांब असलेला, पण मध्ये सरकून मोकळी जागा राखणारा तिसरा: सावर. भिड, पाठीशी, सावर. मैदानावर ओरडायला हे पुरेसे आखूड आहेत.

कोल्हापूरला परत आलो तेव्हा हातात बारा पोरं होती, त्यात दोन मुली, चार बॉल, आणि कोन म्हणून जुन्या टायरचे कापलेले तुकडे. सकाळी सहा ते साडेसात, मग मी कामावर.

पहिला धडा एकास एक. दहा मीटर रुंद, पंधरा मीटर लांब जागा. अंगावर येणाऱ्याला सामोरं जाताना पोरं पळत जातात आणि पळतच राहतात. समोरच्यानं बॉल बाजूला ढकलला की ही पुढंच निघून जातात. सांगायचं असतं ते असं: आधी वेगानं जा, शेवटची तीन-चार पावलं बारीक कर, हात लांब केला तर जेमतेम लागेल एवढ्यावर थांब, एक पाय पुढं, गुडघे वाकलेले, वजन चवड्यावर, अंग तिरकं. एवढं सगळं सांगितलं की पोरगं पुतळ्यासारखं उभं राहायचं.

मग एका शनिवारी त्यांना तालमीत नेलं. बूट बाहेर काढायला लावले. वस्तादांना म्हटलं, पोरांना पवित्रा दाखवा. एक पैलवान हौद्यात उतरला. पुढचा पाय टाकला, कंबर खाली गेली, हात समोर आले, आणि तो बोटांच्या मुळांवर असा तरंगत उभा राहिला की मातीवर टाचेची खूण उठेना. वस्तादांनी एका मुलीला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "ह्याच्या टाचेखाली बोट घाल." तिनं घातलं. टाच टेकलेली नव्हती, बोट सहज आत गेलं. "टाच टेकली की गडी गेला," वस्ताद म्हणाले. त्यानंतर महिनाभर सरावात पोरं एकमेकांच्या टाचेखाली बोट घालून बघत होती. मी नुसतं म्हणायचो, "पवित्रा." नजर मात्र वेगळी. कुस्तीत गड्याच्या अंगावर नजर, इथं बॉलवर. खांदे आणि कंबर खोटं बोलतात, बॉल बोलत नाही, हे पोरांना शंभर वेळा सांगावं लागतं आणि ते दर वेळी सांगायला माझी तयारी असते.

आता माझी चूक. ती मी सगळ्यांना सांगतो, नव्यानं शिकवायला लागणाऱ्यांना तर आवर्जून.

त्या बारांत एक डावखुरा पोरगा होता. अंगानं किडकिडीत, पण बॉल कुठं येणार हे त्याला वासानं कळायचं. मी त्याला स्टॉपरला उभा केला आणि पहिल्याच सामन्यात कडेवरून त्याला चालवायला लागलो. डावीकडं! मागं! भिड! सोड! पूर्ण पहिला हाफ माझा घसा चालू. दुसऱ्या हाफमध्ये कुणीतरी मला मागून हाक मारली, मी दोन सेकंद वळलो. परत बघितलं तर बॉल त्याच्यापासून चार हातांवर टप्पे खात होता आणि तो उभा होता, माझ्याकडं बघत. समोरच्या फॉरवर्डनं बॉल उचलला आणि गोल केला. सामना संपल्यावर मी रागानंच विचारलं, "गेला का न्हाईस?"

"सर, तुम्ही सांगितलंच न्हाई."

त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती. खरं ते सांगत होता. ज्याला वासानं कळायचं, त्याचं नाक मी चार महिन्यांत बंद केलं होतं. घरी गेलो, जेवलो नाही.

त्यातून बाहेर पडायला मला दोन वर्षं लागली, आणि त्यात एक नापासही आहे. २०१८ मध्ये सी लायसन्सला गेलो. हा कोर्स जास्त दिवसांचा, आणि परीक्षेत स्वतः सराव घेऊन दाखवायचा. विषय चिठ्ठीतून यायचा. मला आला तोही बचावाचाच. खूश झालो. निकालात नापास. तपासणाऱ्यांनी शांतपणे कागद दाखवला: वीस मिनिटांत मी अकरा वेळा खेळ थांबवला होता. खेळणारे मधल्या काळात गार पडत होते. "तुझं ज्ञान चांगलं आहे," ते म्हणाले, "पण ते खेळायला जागा देत नाही." मला ते लागलं, कारण त्या डावखुऱ्या पोराचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

वर्षभर मी स्वतःवर एक बंधन घातलं. सरावाला खिशात तीन चिंचोके ठेवायचे. खेळ थांबवला की एक चिंचोका दुसऱ्या खिशात. तिन्ही गेले की त्या दिवशी तोंड बंद. आणि थांबवलं तरी सांगायचं नाही, विचारायचं. "आता तुला काय दिसतंय?" पहिले काही आठवडे पोरं गप्प. मग एकेक उत्तर यायला लागलं. "त्यो डाव्या पायानं खेळत न्हाई, सर." "माझ्यामागं कोण न्हाई, म्हणून मी भिडलो न्हाई." दहा-अकरा वर्षांची पोरं हे बोलत होती आणि मी टायरच्या तुकड्यावर बसून ऐकत होतो. २०१९ ला परत परीक्षा दिली, पास झालो. त्याच वर्षी नियमही बदलला: गोलकिकचा बॉल आता पेनल्टी बॉक्सच्या बाहेर जाईपर्यंत थांबायला नको, आपला खेळाडू बॉक्समध्येच घेऊ शकतो. मला फार आनंद झाला. बॅकनं बॉल लांब भिरकावायचा या पेठेतल्या जुन्या रीतीला त्यानं सुरुंग लावला. आता पहिला पास बॅकलाच शिकवावा लागणार होता.

मधल्या काळात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारतीय संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. त्यानंतर माझ्याकडं पोरांची रीघ लागली. प्रत्येकाला फॉरवर्ड व्हायचं होतं. रास्तच होतं ते. मी सगळ्यांना घेतलं आणि सगळ्यांना सगळ्या जागांवर खेळवलं, म्हणता म्हणता काही जण आपणहून मागं सरकले. बॅक असाच मिळतो, त्याला ढकलून मागं पाठवू नये.

एक गोष्ट मात्र मी विचारून ठरवली नाही, माझ्या अधिकारात ठरवली. हेड. माझी सगळी ओळख हेडवर होती. पावसानं भिजलेला जड बॉल कपाळावर घेतला की गॅलरीतून हलगी वाजायची, आणि रात्री कानशिलं ठणकत असली की मला त्याचा अभिमान वाटायचा. मग स्कॉटलंडमधल्या अभ्यासाबद्दल वाचलं. ग्लासगोच्या संशोधकांनी ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या. २०१९ मध्ये त्यांनी मांडलं की मेंदू झिजत जाणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू या खेळाडूंमध्ये इतरांपेक्षा सुमारे साडेतीनपट आहेत. २०२१ मध्ये त्यांनी जागेप्रमाणं हिशेब मांडला: अशा आजाराचा धोका गोलकीपरांमध्ये इतरांइतकाच, आणि बचावपटूंमध्ये सगळ्यांत जास्त, जवळपास पाचपट. ते जुन्या काळचे, रोज खेळणारे व्यावसायिक होते, हे मला कळतं. पण "बचावपटू" हा शब्द वाचताना हात कपाळावर गेला. २०२० च्या फेब्रुवारीतच इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या संघटनांनी लहान मुलांच्या सरावातून हेड काढायला सांगितलं होतं.

मी बारा वर्षांखालच्यांचा हेडचा सराव बंद केला. उंच बॉलचा अंदाज यावा म्हणून फुगे आणि हलके प्लॅस्टिकचे चेंडू वापरायला लागलो. जुने सोबती चिडले. "स्टॉपरला हेड येत नसंल तर त्यो स्टॉपर कसला?" एका वडिलांनी पोरगं काढून दुसरीकडं नेलं. त्या पोराचं मला आजही वाईट वाटतं, फार चांगला उडी घ्यायचा. पण यावर मी मागं हटलो नाही आणि हटणार नाही. ती डोकी माझ्या विश्वासावर मैदानात येतात.

२०२३ च्या हंगामात एका सीनियर संघानं मला सहाय्यक प्रशिक्षक म्हणून बोलावलं. तो डावखुरा पोरगा आता सतरा वर्षांचा, अंगानं भरलेला, त्याच संघात. संघात बाहेरून आणलेले दोन बॅक होते, बाहेरच्या राज्यांतले, चांगले खेळाडू आणि स्वभावानंही गोड. माझं भांडण त्यांच्याशी नव्हतं. पेठेतला पोरगा बाकावर बसवून बाहेरच्याला पैसे मोजायचे आणि मग पेठेची इज्जत म्हणून गळा काढायचा, हे मला पटत नव्हतं, आणि मी ते बैठकीत बोललो. एकाला दुखापत झाली म्हणून उपांत्य सामन्यात पोरगा उतरला.

दुपारी चारचा सामना. गॅलरी गच्च. पंच्याहत्तरावं मिनिट, बरोबरी. समोरच्या हाफच्या पायात बॉल, आमची बॅकलाईन अठरा यार्डांवर. पोरगा हात वर करून पुढं निघाला, ऑफसाईड लाईन वर काढायला, म्हणजे पास सुटताना फॉरवर्ड आमच्या सगळ्या बॅकच्या मागं एकटा उरावा आणि ऑफसाईड ठरावा. दोघं निघाले. चौथा, उजवा बॅक, जागीच राहिला. फॉरवर्ड त्याच्या आडोशानं ऑनसाईड राहिला, एकटा आत गेला, गोल. स्टेडियमचा एक भाग शांत झाला आणि मग त्या पोराच्या आईपर्यंत जाणाऱ्या शिव्या सुरू झाल्या. पाण्याच्या बाटल्या आल्या. तो सतरा वर्षांचा पोरगा उरलेली पंधरा मिनिटं खेळला, आणि त्या पंधरा मिनिटांत त्याची एकही चूक झाली नाही. हे कुणी बघितलं नाही. मी बघितलं.

बैठकीत ठरलं की त्याला उरलेल्या हंगामात खेळवायचं नाही. मी म्हणालो, त्याचा निर्णय बरोबर होता, लाईन तुटली ती दुसरीकडं. दुसऱ्या दिवशी एका पोराच्या हातून निरोप आला की उद्यापासून येऊ नका. पंधरा हंगाम खेळलेल्या, पेठेत वाढलेल्या माणसाला कुणी समोर येऊन सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी मी पोराला घेऊन रंकाळ्यावर गेलो. कठड्यावर बसलो. भेळ घेतली, दोघांनीही खाल्ली नाही. बराच वेळ तो पाण्याकडं बघत होता. मग मी विचारलं. त्याला धीर द्यायचा म्हणून नव्हे, मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तू तवाच का निघालास? एक सेकंद आधी का न्हाई?"

त्यानं विचार केला नाही. "त्याची मान खाली गेली, सर."

"म्हंजे?"

"पास मारायच्या आधी त्यो बॉल बघतोय न्हवं. मान खाली जाती. एकदा खाली गेली की त्येला आपण दिसत न्हाई, आन् आता बदलताबी येत न्हाई. तवाच निघायचं. आधी निघालो तर बघतोय त्यो."

मी उठून उभा राहिलो. पुण्याचं मैदान, हाफचा चेहरा, त्याच्या पायातला बॉल, सगळं परत दिसलं. मान खाली गेली होती. पंधरा हंगाम मी तेच बघत आलो होतो, बघतोय हे न कळता. फातोर्ड्याला गवळीची ती दोन पावलं बहुतेक त्याच क्षणी पडत असणार.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच विचारत असायचा की, काय दिसतंय म्हणून."

मला पुढचं बोलायला थोडा वेळ लागला. मग तोच म्हणाला, "माझंबी चुकलं. मी हात वर केला, पण उजवा बॅक बॉलकडं बघत हुता, त्येला हात कसा दिसणार? वरडायला पायजे हुतं."

"काय वरडणार? 'त्याची मान खाली गेली' म्हणेपर्यंत बॉल जाळ्यात."

"न्हाई. एकच शब्द." त्यानं दोन-तीन शब्द पुटपुटून बघितले. 'निघा' नको, ते सगळेच ओरडतात, समोरचेही. 'वर' नको, ऐकू येत नाही.

आता त्या गोष्टीला काळ लोटला. पोरगा दुसऱ्या संघात आहे, पहिल्या अकरात. मी परत सकाळी सहाला माझ्या टायरच्या तुकड्यांवर, आणि बी लायसन्सचा अर्ज भरून ठेवलाय. इंग्रजी कागदपत्रं मुलगी टाईप करून देते. वहीतल्या त्या उजव्या पानावर आता एक ओळ आहे, त्याच्या सांगण्यातली, माझ्या अक्षरात. कामावरून सुटला की तो कधीकधी बारक्यांना खेळवायला येतो. परवा त्यानं चौघांची लाईन लावली, मला समोर बॉल घेऊन उभं केलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही पास मारा. पोरांनो, कुणाला सरांची मान दिसंल त्यानं वरडायचं."

मी पाय उचलला, बॉलकडं बघितलं. समोरून नऊ वर्षांच्या मुलीचा आवाज आला, "मान!" आणि चौघंही एकदम पुढं निघाले.